डोकं दुखतंय म्हणता, बीपी मोजलं का?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं : गरोदरपणातला रक्तदाब आणि मेंदू

कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत या वेळी एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : बीपी हा हृदयाचा आजार, मग गरोदर बाईचं बीपी वाढलं की डॉक्टर डोकेदुखी आणि नजरेबद्दल का विचारतात? काही पत्रं थोडी संक्षिप्त करून छापत आहोत. नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : सुनेला ३४ वा आठवडा चालू आहे. तपासणीत बीपी १५०/१०० निघालं आणि डॉक्टरांनी लगेच ॲडमिट व्हायला सांगितलं. आमच्या मालकांचं बीपी दहा वर्षं १६० च्या घरात आहे, तरी ते रोज रानात जातात. मग एवढ्याशा आकड्याला पोरीला दवाखान्यात का ठेवायचं? (करवीर तालुका)

उत्तर : मालकांचं १६० सुद्धा बरं नाही. त्यांनाही एकदा दाखवून गोळी सुरू करून घ्या. पण त्यांचा आकडा आणि सुनेचा आकडा एका मापाने मोजता येत नाही.

मेंदूला रक्ताचा पुरवठा एकसारखा लागतो. उसाला पाणी पाजताना पाटाला पाणी वाढलं की दारं धरणारा माणूस माती टाकून दारं लहान करतो आणि पाणी कमी आलं की मोठं करतो. मेंदूतल्या बारीक धमन्या हेच काम करतात. दाब वाढला की आकसतात, उतरला की सैलावतात. दहा वर्षं बीपी असलेल्या माणसाच्या धमन्यांच्या भिंती हळूहळू जाड होतात आणि त्या जास्त दाबाला सरावतात. सुनेच्या धमन्यांना तो सराव मिळालेला नाही. तिच्या तपासणी कार्डाची मागची पानं बघा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बीपी १००/६० किंवा ११०/७० लिहिलेलं असेल. तिथून काही आठवड्यांत १५० वर जाणं हे तिच्या मेंदूसाठी मोठं ओझं आहे.

दुसरं कारण वारेत आहे. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या धमन्यांत शिरून त्या रुंद करतात. काही जणींत हे काम अर्धवट राहतं. वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात अशी प्रथिनं सोडते, की आईच्या सगळ्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. २० व्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा वर जाऊन लघवीतून प्रथिन जाऊ लागलं, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट, मेंदू यांपैकी कुठे बिघाड दिसला, तर त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. याचं मूळ वारेत असतं, म्हणून वार बाहेर पडेपर्यंत आजार पुरता हटत नाही.

अस्तर असं कमजोर झालं की मेंदूतल्या केशवाहिन्यांतून पाणी पाझरायला लागतं. आषाढात जुन्या घराच्या भिंतीला ओल धरते तसं. ही ओल बहुतेक वेळा डोक्याच्या मागच्या भागात जास्त दिसते, कारण तिथल्या धमन्यांना दाबाविरुद्ध आकसवणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं विरळ असतं. नेमकं तिथेच नजरेचं केंद्र आहे. डॉक्टर ‘डोळ्यांपुढे काजवे चमकतात का’ असं विचारतात ते यासाठी.

म्हणून आकडा किती आहे याच्याइतकंच तो किती झपाट्याने वाढला हेही बघावं लागतं. काही बायकांना बीपी १५० च्या आत असतानाही झटके येतात, कारण अस्तर आधीच गळकं झालेलं असतं. आणि वरचा आकडा १६० च्या पुढे गेला की धमनी फुटून मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. या आजारात आई दगावते त्यात मेंदूतला रक्तस्राव हे एक मोठं कारण आहे.

ॲडमिट केल्यावर दर काही तासांनी बीपी, लघवीतलं प्रथिन, प्लेटलेट, यकृताच्या आणि क्रिएटिनिनच्या (म्हणजे मूत्रपिंडाच्या) चाचण्या आणि बाळाची वाढ बघतात. प्लेटलेट १ लाखाच्या खाली आल्या, क्रिएटिनिन १.१ च्या वर गेलं किंवा यकृताचे आकडे दुपटीवर गेले, तर आजार गंभीर धरतात. सगळं आटोक्यात राहिलं तर काही जणींना वारंवार तपासणीच्या अटीवर घरी सोडतात आणि ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळंतपण घडवून आणतात. आटोक्यात राहिलं नाही तर त्याआधीच. दाखल करून घ्या. पहिल्या चोवीस तासांतल्या नोंदींवरून पुढचं बरंच ठरतं.

प्रश्न : आठव्या महिन्यात माझं डोकं सारखं दुखतं. घरचे म्हणतात पित्त आहे, लिंबू-सरबत पी. बीपीची डोकेदुखी ओळखायची कशी? (इचलकरंजी)

उत्तर : लक्षणांवरून खात्रीने ओळखता येत नाही, हे आधी सांगितलेलं बरं. म्हणून २० व्या आठवड्यानंतरच्या कुठल्याही नव्या डोकेदुखीत पहिलं काम म्हणजे बीपी मोजणं, आणि तेही त्याच दिवशी. लिंबू-सरबत नंतर प्या.

तरी काही खुणा आहेत. डोकं दोन्ही बाजूंनी ठणकतं, पॅरासिटामॉल घेऊन झोप काढली तरी उतरत नाही. डोळ्यांपुढे ठिणग्या किंवा काळे ठिपके येतात, एखाद्या वस्तूचा अर्धाच भाग दिसतो, उजेड सहन होत नाही. बोलताना शब्द सापडत नाही. आणि ज्याला घरात हमखास ‘पित्त’ म्हटलं जातं ती वेदना, म्हणजे छातीच्या पिंजऱ्याच्या खाली मधोमध किंवा उजव्या बाजूला दाटून दुखणं आणि उलटी. ते बऱ्याचदा यकृताला आलेल्या सुजेचं दुखणं असतं. गरोदरपणात जळजळ अनेकींना होते, हे खरं. पण जळजळ घशाकडे चढते आणि आंबट ढेकर येते. हे दुखणं एका जागी बसून राहतं.

पायांना सूज बहुतेक गरोदर बायकांना येते, तिच्यावरून काही ठरत नाही. चेहरा सकाळी उठताना सुजलेला असणं, बांगड्या एकाएकी घट्ट होणं, आठवड्यात वजन किलोभराहून जास्त वाढणं, हे दिसलं तर तपासून घ्या.

बीपी १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. १६०/११० किंवा वर आलं तर १५ मिनिटांनी परत मोजा आणि तरीही तेवढंच राहिलं तर थांबू नका. इथे औषध तासाभराच्या आत पोटात किंवा शिरेत जायला हवं. डोकेदुखीबरोबर नजर बिघडली असेल तर आकडा १४० असला तरी तातडीच धरा.

प्रश्न : मी आशा आहे. आमच्या वाडीवर दोन वर्षांपूर्वी एका गरोदर बाईला फिट आली. लोकांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, दातांत चमचा घातला, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. अशा वेळी नेमकं काय करायचं आणि इंजेक्शन कुठलं असतं? (शाहूवाडी तालुका)

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाला जास्त जागा देत आहोत, कारण पहिली दहा मिनिटं तुमच्यासारख्यांच्याच हातात असतात.

प्री-एक्लॅम्पसिया वाढून फिट आली की त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात. ही फिट कशी दिसते ते नीट लक्षात ठेवा. आधी तोंडाजवळ किंवा डोळ्याभोवती थरथर होते, नजर एका जागी खिळते. मग अंग ताठ होतं, दातखीळ बसते, काही सेकंद श्वास थांबतो, ओठ निळसर होतात. त्यानंतर सगळं अंग झटके देतं. हे सारं मिळून साधारण एक ते दीड मिनिटात संपतं. मग घोरल्यासारखा श्वास सुरू होतो आणि बाई काही वेळ शुद्धीत नसते. शुद्ध आल्यावरही ती गोंधळलेली असते, काय झालं ते तिला आठवत नाही. नातेवाइकांना ‘बाहेरचं’ वाटतं ते हा गोंधळ बघून.

फिट चालू असताना ती पडू नये आणि तिला मार लागू नये एवढंच बघा. हातपाय दाबून धरू नका. दातांत काही घालू नका. चमचा घातला की दात तुटून श्वासनलिकेत जायची भीती. कांदा-चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. ती आपोआप थांबायचीच असते, म्हणून कांद्याला यश येतं. झटके ओसरले की तिला डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे लाळ-उलटी बाहेर पडेल आणि पोटाचा भार मोठ्या शिरेवर येणार नाही. तोंड पुसा. पाणी, चहा, औषध काहीही पाजू नका. घड्याळ बघून फिट किती वाजता आली ते लिहा. कुणाला तरी लगेच १०८ ला फोन करायला लावा आणि ‘गरोदर, फिट आली’ हे दोन शब्द आधी सांगायला सांगा.

इंजेक्शन म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. उपकेंद्रातल्या प्रशिक्षित सिस्टर म्हणजे एएनएम याचा पहिला डोस देऊन रुग्णाला पुढे पाठवू शकतात. ५० टक्क्यांच्या २ मिलिच्या एका ॲम्प्यूलमध्ये १ ग्रॅम औषध असतं. प्रत्येक कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात ५ ग्रॅम, म्हणजे ५ ॲम्प्यूल, लांब सुईने खोल स्नायूत. दोन्हीकडचे मिळून १० ॲम्प्यूल, १० ग्रॅम. म्हणून उपकेंद्राच्या ट्रेमध्ये दोन-चार ॲम्प्यूल असून भागत नाही, दहा मोजून आणि तारीख बघून ठेवावे लागतात. महिन्याच्या बैठकीत हे एकदा विचारून घ्या. इंजेक्शन दुखतं, अंगात गरम झाल्यासारखं वाटतं. हे बाईला आधी सांगितलं तर ती घाबरत नाही.

मोठ्या दवाखान्यात याच्या जोडीला शिरेतून ४ ग्रॅम देतात : ८ मिलि औषधात १२ मिलि सलाईन मिसळून २० मिलि करायचं आणि किमान पाच मिनिटं लावून सावकाश सोडायचं. पुढे दर ४ तासांनी ५ ग्रॅम, एकदा या कुल्ल्यात एकदा त्या. शेवटच्या फिटपासून किंवा बाळंतपणापासून, जे नंतर असेल तिथून, २४ तास. प्रत्येक डोसाआधी तीन गोष्टी तपासतात : गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे का, आणि मागच्या ४ तासांत लघवी किमान १०० मिलि झाली का. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी कमी झाली की ते रक्तात साठतं. आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास मंदावतो. म्हणून शेजारी उतारा तयार असतो : १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, १० मिलि, शिरेतून सावकाश.

फिटची इतर औषधं असताना हेच का, असं डॉक्टरांनाही एके काळी वाटायचं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, ज्यात भारतातल्या बायकाही होत्या, मॅग्नेशियम दिलेल्यांना पुन्हा फिट येण्याचं प्रमाण डायझेपामच्या तुलनेत निम्म्याने आणि फेनिटॉइनच्या तुलनेत दोन-तृतीयांशाने कमी निघालं. २००२ साली ३३ देशांतल्या १० हजारांहून अधिक बायकांवरच्या मॅगपाय चाचणीत, फिट येण्याआधीच हे दिलं तर ती येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो हे दिसलं. पण हे बीपीचं औषध नाही. त्याच्याबरोबर लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन द्यावंच लागतं. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळायची जुनी पद्धत सोडा. त्याने बीपी धाडकन उतरतं आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. ती शुद्धीत असलेल्या बाईनेच, अख्खी गिळायची. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निफेडिपिन, लॅबेटालॉल, मिथाइलडोपा या तिन्ही तोंडी गोळ्यांनी तीव्र बीपी बहुतेकींचं आटोक्यात आलं. शिरेतलं औषध हाताशी नाही म्हणून वाट बघत बसायची गरज नाही, एवढं त्यातून आपल्याला घेण्यासारखं आहे.

आणि एक, तुमच्या भागासाठी. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगडच्या वाड्यांतून पावसाळ्यात वेळेवर निघता येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर महामार्गसुद्धा बंद पडला होता. ज्या बाईचं बीपी वाढलेलं आहे आणि तारीख जुलै-ऑगस्टची आहे, तिला दिवस भरण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच कोल्हापुरात किंवा मोठं रुग्णालय असलेल्या तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे आणून ठेवायला घरच्यांना पटवा.

प्रश्न : बायकोला फिट आल्यानंतर दोन दिवस काहीच दिसत नव्हतं. एमआरआयमध्ये डोक्याच्या मागे पांढरे डाग आले. आता दिसतंय, पण डाग राहतील का? फिटची गोळी किती वर्षं घ्यायची? (गडहिंग्लज)

उत्तर : ते डाग म्हणजे पहिल्या उत्तरात सांगितलेली ओल. डॉक्टरांच्या भाषेत त्याला ‘प्रेस’ म्हणतात. १९९६ साली या चित्राला नाव मिळालं. डोळे चांगले असतात, डोळ्यांनी पाठवलेलं चित्र वाचणारा मेंदूचा भाग सुजलेला असतो. म्हणून डॉक्टर बॅटरी मारतात तेव्हा बाहुली व्यवस्थित आकसते आणि तरी बाईला समोरचा माणूस दिसत नाही. दाब उतरला की सूज ओसरते आणि बहुतेकींची नजर काही तासांत ते आठवडाभरात परत येते. तुमच्या पत्नीचं तसंच झालं. क्वचित नजर जाण्याचं कारण डोळ्याच्या पडद्यामागे साठलेलं पाणी असतं, म्हणून एकदा नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्या.

डाग बहुधा विरतात. जिथे सूज इतकी वाढली की त्या जागेला रक्तच मिळालं नाही, किंवा थोडा रक्तस्राव झाला, तिथे लहान व्रण मागे राहू शकतो. साधारण दीड-दोन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करायचा का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा. गोळीचंही त्यांनाच विचारा. नुसत्या एक्लॅम्पसियात, एमआरआय निवळलेला असेल तर ती सहसा वर्षानुवर्षं लागत नाही, पण मनाने बंद करू नका. व्रण, शिरेतली गुठळी किंवा आपल्याकडे आढळणारी मेंदूतल्या जंताची गाठ निघाली तर हिशेब वेगळा. गोळी व्हॅलप्रोएट असेल तर पुढच्या गरोदरपणाचा विचार करण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण ती बाळाला अपायकारक आहे.

प्रश्न : मुलीचं बाळंतपण सुखरूप झालं, बीपी कधीच नव्हतं. माहेरी आणली आणि सहाव्या दिवशी डोकं दुखून फिट आली. बाळंतपणानंतर हे कसं काय? (कागल)

उत्तर : बाळंतपणानंतर धोका संपला ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिच्यामुळे जीव जातात. गरोदरपणात हातापायांत साठलेलं पाणी बाळंतपणानंतर रक्तात परत यायला लागतं, त्यामुळे बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त चढतं. नेमकी याच वेळी बाई घरी गेलेली असते. बाळंतपणानंतरच्या बहुतेक फिट पहिल्या ४८ तासांत येतात, पण काही आठवड्यांनीही आलेल्या आहेत, आणि ज्यांचं बीपी आधी कधीच वाढलं नव्हतं अशांनाही. म्हणून तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बीपी मोजलंच पाहिजे. आशाताई बाळाला बघायला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, त्याच दिवशी आईचंही मोजून घ्यायची सोय करा. आधी बीपी असलेल्या बाईला रक्तस्राव थांबवायला मेथर्जिनचं इंजेक्शन देत नाहीत, त्याने बीपी उसळतं. कार्डावर ‘बीपी’ ठळक लिहून घ्यावं ते यासाठीही.

पण बाळंतिणीची प्रत्येक डोकेदुखी बीपीची नसते. पाठीत भुलीचं इंजेक्शन झालं असेल आणि उठून बसलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं, तर ते त्या इंजेक्शनचं असू शकतं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे : मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी. यात डोकेदुखी दिवसेंदिवस वाढते, उलट्या होतात, फिट येते, एखादा हात किंवा पाय लुळा पडतो. बाळंतपणानंतर रक्त तसंही लवकर गोठतं, त्यात शरीरातलं पाणी कमी झालं की धोका आणखी वाढतो. आणि आपल्याकडे बाळंतिणीला ‘पोट सुटेल’ म्हणून पाणी मोजून देतात! तहान लागेल तितकं पाणी, ताक, पेज द्या. पोट पाण्याने सुटत नाही. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीचा शेकही नको, त्या वायूनेसुद्धा डोकं दुखतं आणि बाळ-बाळंतीण दोघांच्या जिवाला धोका होतो. तुमच्या मुलीचा एमआरआय झाला असेल तर त्यात शिरांचं चित्र, म्हणजे व्हेनोग्राफी, घेतली होती का ते विचारा. नसेल आणि डोकं अजून दुखत असेल तर आजच विचारा.

अंगावर पाजताना निफेडिपिन, लॅबेटालॉल, एनालॅप्रिल या गोळ्या चालतात. यातली एनालॅप्रिल गरोदरपणात मात्र चालत नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिलही नाही. मिथाइलडोपा बाळंतपणानंतर बदलून घेतात, कारण ती मन खचवू शकते.

प्रश्न : घरी बीपीचं मशीन आणलं. प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. कोणता खरा? (कोल्हापूर शहर)

उत्तर : मशीन मनगटाचं असेल तर परत करा, दंडाचं घ्या. दंडाचा घेर टेपने मोजा. ३३ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्याने आकडा खोटाच जास्त येतो. दुकानदाराला विचारा की हे मॉडेल गरोदर बायकांवर तपासलेलं आहे का, कारण प्री-एक्लॅम्पसियात काही मशीन कमी आकडा दाखवतात. एकदा ते दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून घ्या.

मोजताना लघवीला जाऊन या, अर्ध्या तासात चहा झालेला नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी न घालता पाच मिनिटं शांत बसा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला, उघड्या दंडावर. बोलू नका. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. हात खाली लोंबत असेल तर आकडा वाढतो. कुशीवर झोपून वरच्या हातात मोजला तर कमी दिसतो आणि हीच चूक जास्त घातक आहे, खोटा धीर देते. सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत तारखेसह लिहा. ती वही डॉक्टरांना फार कामाची असते.

प्रश्न : तांबडा-पांढरा रस्सा, ठेचा, कांदा-लसूण मसाला बंद केला तर बीपी वाढणार नाही ना? अळणी जेवण सुरू केलंय. (कोल्हापूर शहर)

उत्तर : अळणी जेवायची गरज नाही. मीठ तोडून प्री-एक्लॅम्पसिया टळतो असं दिसलेलं नाही. तिखटाचाही त्याच्याशी संबंध नाही. गरोदरपणाच्या आधीपासून बीपी असेल तर लोणचं, पापड, फरसाण कमी करा. कॅल्शियमने मात्र फरक पडतो, विशेषतः ज्यांच्या जेवणात दूध-दही कमी असतं त्यांना. सरकारी दवाखान्यात १४ व्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. ती जेवणाबरोबर घ्या आणि लोहाच्या गोळीबरोबर कधीच नको, मध्ये दोन तास जाऊ द्या.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी मला एक्लॅम्पसिया झाला. अजून वस्तू कुठे ठेवल्या ते विसरते, दोन कामं एकदम जमत नाहीत. मेंदू कायमचा अधू झाला का? दुसरं मूल हवंय, पुन्हा असंच होईल का? (जयसिंगपूर)

उत्तर : ही तक्रार खरी आहे, मनाचे खेळ म्हणून झटकून टाकू नका. एक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या अनेक बायका लक्ष आणि स्मरणाबद्दल असंच सांगतात आणि काहींच्या एमआरआयमध्ये पुढेही बारीक डाग दिसतात. दिलासा असा की प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या तर बहुतेकींचा निकाल इतरांसारखाच किंवा किंचित कमी येतो. अपुरी झोप, रक्त कमी असणं, थायरॉइड, बी-१२ आणि बाळंतपणाच्या प्रसंगाची मनात बसलेली भीती यांनीही हेच होतं. आधी हिमोग्लोबिन, टीएसएच, बी-१२ तपासा. ती रात्र सारखी आठवून घाबरायला होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, त्यावर उपचार आहेत.

पुढच्या आयुष्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. प्री-एक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या बाईला नंतर कायमचं बीपी जडण्याची शक्यता साधारण तिप्पट-चौपट, पक्षाघात आणि हृदयविकाराची साधारण दुप्पट असते. डेन्मार्कमध्ये ११ लाखांहून अधिक बायकांच्या नोंदींवरून २०१८ साली असं दिसलं, की म्हातारपणी मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन होणारा स्मृतिभ्रंशही अशा बायकांत सुमारे तिप्पट असतो. तिप्पट म्हणजे मुळातल्या छोट्या आकड्याचं तिप्पट, घाबरून जाऊ नका. पण वर्षातून एकदा बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा आणि कुठल्याही आजारासाठी डॉक्टरांकडे गेलात तरी ‘मला गरोदरपणात फिट आली होती’ हे सांगा. विचारल्याशिवाय हे कुणाला कळत नाही.

दुसऱ्या खेपेला प्री-एक्लॅम्पसिया साधारण सातांपैकी एकीला पुन्हा होतो. पहिल्या वेळी ३४ आठवड्यांच्या आधी झाला असेल तर शक्यता जास्त. फिट पुन्हा येण्याचं प्रमाण त्याहून खूप कमी आहे. दिवस राहण्याआधी बीपी आटोक्यात आणा, गोळ्या गरोदरपणात चालणाऱ्या करून घ्या. तोवर बीपी वाढलेलं असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या पाळणा-गोळ्या टाळा, तांबी चालते. दिवस राहिल्यावर बाराव्या आठवड्याच्या सुमारास, सोळाव्याच्या आत, ॲस्पिरिन सुरू करायचं का ते डॉक्टरांना विचाराच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज रात्री १५० मिलिग्रॅम, ३६ व्या आठवड्यापर्यंत घेतल्याने ३७ आठवड्यांआधी होणारा प्री-एक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे ७५ ची गोळी सहज मिळते. किती घ्यायच्या ते तुमचे डॉक्टर ठरवतील. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. पहिल्याच ९ तारखेला जुन्या बाळंतपणाची फाइल आणि एमआरआयचा रिपोर्ट घेऊन जा, म्हणजे तुमच्या कार्डावर जोखमीची खूण होईल आणि पुढच्या तपासण्या जवळजवळच्या तारखांना लागतील.